हा 'वाद' नाही, अत्याचार आहे!

सातारा-सांगलीत आपल्या माणसावर हल्ला झाला की दुसऱ्या दिवशी एक शब्द हमखास कानावर येतो: 'वाद'. विहिरीचा वाद, प्रेमप्रकरणाचा वाद, कमानीचा वाद. वाद म्हटले की मारणारा आणि मार खाणारा एका पातळीवर येतात, आणि जात अलगद बाजूला काढली जाते. हा शब्द आम्हाला मान्य नाही.

२००७ साली माण तालुक्यातल्या कुळकजाईत एक बौद्ध शेतकरी स्वतःच्या जमिनीत विहीर खोदत होता. त्याला ठार मारण्यात आले. २०१० मध्ये साताऱ्याच्या न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. २०१२ साली पाटण तालुक्यातल्या मुळगावात मुलाने सवर्ण मुलीवर प्रेम केले म्हणून त्याच्या आईला मारहाण झाली, तिची विटंबना झाली. २०२३ साली मिरज तालुक्यातल्या बेडगमध्ये बाबासाहेबांच्या नावाची स्वागत कमान अनधिकृत ठरवून पाडली गेली. बौद्ध कुटुंबे घरदार सोडून मुंबईकडे चालू लागली.

पाणी, लग्न आणि सन्मान. गावाने आपल्यासाठी कुलपे लावली ती नेमकी इथेच. लग्नाचे कुलूप हाच जातीचा पाया आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ मध्येच कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात मांडले होते. आपण गप्प राबतो तोवर गावात 'शांतता' असते. ती शांतताही हिंसाच आहे. फक्त तिची फिर्याद होत नाही. आपण कुलपाला हात लावला की काठी बाहेर येते.

काही शिकलेले मित्र म्हणतात, हा गरिबीचा प्रश्न आहे, पैसा आला की सुटेल. १९०१ आठवा. साताऱ्याहून वडिलांकडे निघालेले लहानगे भीमराव भावंडांसोबत मसूर स्टेशनवर उतरले. दुप्पट भाडे देऊ केले तरी गाडीवाले तयार होईनात. अखेर एकजण तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार, या अटीवर. पैसा होता, अंगावर नीट कपडे होते. आडवी आली ती जात!

हीच भूमी सत्यशोधकांची, पत्री सरकारची. तिचा अभिमान आम्हालाही आहे. म्हणूनच विचारतो: इंग्रजांविरुद्ध उठलेली गावे आमच्या विहिरीपाशी का थांबतात?

आपल्या जमीन-पाण्याच्या हक्कात अडथळा आणणे हा १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्यानेच गुन्हा ठरवला आहे. २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक बहिष्कारही त्यात आला. म्हणजे ज्याला गाव 'वाद' म्हणते, त्याला कायदा अत्याचार म्हणतो. मग आपणच ठाण्यात 'किरकोळ वाद' असे का लिहू द्यायचे?

म्हणून काठी पडायची वाट पाहू नका. आपापल्या गावात वही घाला. विहीर कोणाची, स्मशानाला वाट आहे का, ग्रामसभेचा ठराव काय झाला, कोणी कधी धमकावले, हे सारे तारखेसह लिहा. फिर्याद देताना शब्द वाचा, जात लिहिली आहे का पाहा, मगच सही करा. बाबासाहेबांनी स्वतःचा अपमानही पुरावा म्हणून लिहून ठेवला. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा यातला 'शिका' इथून सुरू होतो.

जय भीम!