रंग गेला म्हणजे पाणी पाक झालं?

‘आता जिवाणू रंग खाणार आणि नदी स्वच्छ होणार’ अशी बातमी दर दोन-तीन वर्षांनी येते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या जीवरसायनशास्त्र विभागाने या विषयावर भरपूर काम केलं आहे. त्या संशोधकांचा मला आदर आहे. माझं भांडण आहे ते या कामाची ढाल करून ‘थोडं थांबा’ म्हणणाऱ्या कारखानदारांशी.

आधी शास्त्र समजून घेऊ. कापडासाठी सर्वाधिक वापरले जातात ते ॲझो रंग. त्यांच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात आणि रंग दिसतो तो मुख्यतः या जोडीमुळे. प्राणवायू नसलेल्या टाकीत काही जिवाणू ही जोडी तोडतात आणि पाणी रंगहीन होतं. फोटो निघतो, बातमी छापली जाते. पण तुटलेले तुकडे पाण्यातच राहतात. त्यांना ॲरोमॅटिक अमाइन म्हणतात. त्यातले काही घातक असतात, आणि बेंझिडीन तर कर्करोगाला कारण ठरतं. म्हणून ते पाणी दुसऱ्या टाकीत नेऊन, भरपूर हवा देऊन वेगळ्या जिवाणूंकडून पुन्हा साफ करून घ्यावं लागतं. वीजबिल वाचवायला तिथले ब्लोअर बंद ठेवले, की उरतं ते फक्त नितळ दिसणारं विष. शिवाय सुती कापडाच्या रंगाईत वापरलेलं मीठ कुठलाच जिवाणू खात नाही.

आपल्या फिकहमध्ये पाण्याच्या तीन कसोट्या आहेत : रंग, वास आणि चव. नापाक वस्तू पडून यातली एक जरी बदलली, तरी ते पाणी वुजूला चालत नाही. फक्त रंग पाहून निकाल देणं आपल्या बुजुर्गांनीही मान्य केलं नाही. मग कारखान्याच्या गेटवर तेवढ्यावर समाधान का मानायचं?

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीत हा विषय काढला की एकच उत्तर मिळतं : ‘गरिबाची रोजी बंद करता का?’ मी विचारते, तिरुपूरमध्ये रोजी कुणी बंद केली? नोय्यल नदी वर्षानुवर्षं नासवली गेली, शेतकरी कोर्टात गेले आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगाईचे कारखाने बंद करायला लावले. बेकार झाला तो मजूरच. पाणी साफ न करणं हाच रोजीवरचा खरा घाला आहे.

जल प्रदूषण प्रतिबंध कायदा १९७४ चा आहे. त्याला पन्नास वर्षं उलटून गेली, आता आणखी थांबायचं कशासाठी? दोन्ही टाक्या चालवा. रंगाबरोबर सीओडी, क्षार आणि अमाइनही तपासा. ते आकडे दर आठवड्याला मराठीत आणि उर्दूत गेटवरच्या फळ्यावर लिहा. आणि हा खर्च मजुराच्या पगारातून कापू नका, कापडाच्या भावात धरा. कापड विकून नफा तुम्ही घेता, मग पाण्याचं बिल नदीकाठच्या लोकांनी का भरायचं?