भेगा बुजवणारा चुना

रोममधल्या पँथिऑन या इमारतीचा काँक्रीटचा घुमट ४३ मीटर रुंद आहे. आत लोखंडाची एक सळई नाही, तरी तो सुमारे १९०० वर्षं उभा आहे!

जुन्या रोमन काँक्रीटमध्ये चुन्याचे पांढरे खडे दिसतात. गवंड्यांनी माल नीट कालवला नसेल, असंच बरेच दिवस मानलं जायचं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या अडमिर माशिच यांना ते पटेना. एवढ्या चोख कारागिरांकडून दर वेळी तीच चूक?

२०२३ साली त्यांच्या गटाने उत्तर मांडलं. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. त्यात पाणी पडलं की तो सळसळून तापतो. (हात लावू नका हं, कातडी भाजते, डोळ्यांना तर फारच धोका!) रोमन गवंडी हा चुना आधी न विरवता कोरडाच ज्वालामुखीच्या राखेत मिसळत आणि मग पाणी घालत असावेत. म्हणून खडे उरत.

पुढे भिंतीला भेग पडून पाणी शिरलं, की खड्यातला चुना विरघळतो आणि भेगेत जाऊन पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. प्रयोगात अर्ध्या मिलिमीटरची भेग दोन आठवड्यांत बुजली. कळीचा चुना नसलेल्या ठोकळ्यातून मात्र पाणी वाहतच राहिलं.

सिमेंट बनवताना खूप कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. बांधकाम जास्त टिकलं, तर सिमेंट कमी लागेल.

तेव्हा कुणाची चूक दिसली, तर हसण्याआधी एकदा नीट निरखून बघाल ना?