दार न उघडणारे शेजारी

महिन्यापूर्वीची गोष्ट. दुकान वाढवून घरी आलो, तो धाकटा नातू मोबाइलवर काहीतरी पाहून खदखदून हसत होता. मी मागून डोकावलो. मुखवटा घातलेला एक धिप्पाड माणूस एका तरुणाचा जीव घेत होता. तो संपला की दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. कोणीतरी एका चित्रपटमालिकेतील मृत्यूची दृश्ये तेवढी कापून एकापुढे एक जोडली होती आणि पडद्याच्या कोपऱ्यात आकडा वाढत होता. चौदा वर्षांचा मुलगा भ्याला असता तर मी त्याला जवळ घेतले असते. तो भ्याला नाही, याचे काय करावे हे मला कळेना.

मोबाइल काढून घेतला. पाठ वळताच हे पुन्हा सुरू होणार, हेही कळत होते. महाविद्यालयात जाणारी थोरली नात म्हणाली, "आजोबा, हा गाळ आहे. पण याच जातीत चांगला मालही आहे. न पाहताच भाव कसा ठरवता?" व्यापाऱ्याला हे बोलणे लागते. म्हणून धाकटा झोपल्यावर, आठवड्याला एक याप्रमाणे आम्ही दोघांनी चार अमेरिकन चित्रपट पाहिले. तिकडे या प्रकाराला 'स्लॅशर' म्हणतात. तरुण मुलामुलींचा गट, त्यांच्या मागावर सुरा घेतलेला खुनी, एकेकाचा बळी आणि अखेरीस बहुधा एकच वाचलेली मुलगी, असा त्याचा ठरलेला साचा.

पहिला जॉन कार्पेंटर यांचा 'हॅलोविन', 1978 चा. भांडवल सुमारे सव्वातीन लाख डॉलर, चित्रीकरण जेमतेम वीस दिवसांचे. खुन्याचा मुखवटा बाजारात मिळणारा, 'स्टार ट्रेक'मधील कॅप्टन कर्कचा. त्याला पांढरा रंग फासला, एवढेच. कथा शरद ऋतूतली आणि चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या वसंतात, म्हणून रंगवलेली पाने रस्त्यावर पसरायची आणि दृश्य झाले की पुन्हा पोत्यात भरायची. संगीत दिग्दर्शकाचेच, पियानोवरची पाच मात्रांची एक हट्टी धून. जगभर मिळकत झाली सुमारे सात कोटी डॉलर. काटकसरीचा असा हिशेब पाहिला की आपल्यासारख्यांचा हात आपोआप जोडला जातो.

मला अधिक आश्चर्य वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. या चित्रपटात रक्त जवळजवळ नाहीच. भर दुपारी कुंपणाच्या झाडीशी एक आकृती उभी असते. पुन्हा पाहावे तर नसते. आपण वाट पाहतो, आणि ती वाटच भिववते. तोवर लॉरी ही शाळकरी मुलगी आणि तिच्या मैत्रिणी आपल्या परिचयाच्या झालेल्या असतात. त्यांची फिदीफिदी, गृहपाठाची कुरकुर, लॉरीचा भिडस्तपणा हे सारे कोणत्याही घरातले. म्हणूनच त्यांच्यातली एखादी गेली की मोजायचे सुचत नाही.

आणि मग ते दृश्य. जखमी लॉरी धावत शेजारच्या दाराशी येते, दार बडवते, मदतीसाठी टाहो फोडते. आत दिवा लागतो. खिडकीच्या पडद्याआडून कोणीतरी पाहते आणि दिवा विझवते. सणाची रात्र आहे, पोरे थट्टा करीत असतील, असे त्या घरातल्यांना वाटले असावे. चित्रपट त्यांच्याविषयी पुढे एक शब्द बोलत नाही. मला मात्र खुन्यापेक्षा त्या विझलेल्या दिव्याने अधिक अस्वस्थ केले.

दुसरा 'फ्रायडे द थर्टीन्थ', 1980 चा. 'हॅलोविन'चा नफा पाहून निघालेला, हे उघड आहे. निर्माते-दिग्दर्शक शॉन कनिंगहॅम यांनी पटकथा पुरी होण्याआधीच नावाची जाहिरात छापून टाकली होती. गोदामात माल नाही आणि दुकानावर पाटी. धंदा मात्र जोरात झाला. मग 1989 पर्यंत या मालिकेचे आठ भाग आले. 1984 च्या चौथ्या भागाचे नाव 'अखेरचा अध्याय' आणि पुढच्याच वर्षीच्या पाचव्याचे 'नवी सुरुवात'! दिवाळे न काढता दुकान बंद करून पुन्हा उघडण्याचा हा प्रकार पाहून मी प्रथमच मोठ्याने हसलो.

पहिल्या भागाचे श्रेय नाकारू नये. त्यातली खुनी व्यक्ती एक माता आहे. शिबिरात मुलांवर लक्ष ठेवण्याचे काम असलेल्या तरुणांच्या हलगर्जीपणाने आपला मुलगा बुडाला, हे तिचे दुःख खरे आहे. पण पुढच्या भागांत ते दुःख हळूहळू निघून गेले आणि उरला मुखवटा. तरुण पात्रांना नाव असते, चेहरा असतो, माणूसपण नसते. ती केवळ मरण्यासाठी आणलेली असतात. कुतूहल असते ते हत्याराचे. नातू हसत होता तो याच मालिकेला. त्या पात्रांविषयी काही वाटावे असे चित्रपटकर्त्यांनीच ठेवले नव्हते, तर त्या पोराला काय वाटणार!

आणखी एक दोष सांगितला पाहिजे, कारण आपल्यासारख्या घरांत तो गुण वाटण्याचा संभव आहे. या चित्रपटांत मद्य पिणारी, प्रेमात पडलेली मुले आधी मरतात आणि सरळमार्गी मुलगी वाचते. 'बघा, वाईट वळणाचे फळ,' असे म्हणायचा मोह मलाही झाला. कार्पेंटर यांनी असा उपदेश आपल्या मनात नव्हता, असे सांगितले आहे. अनुकरण करणाऱ्यांनी मात्र त्याचा नियमच केला. चार घोट बिअरची किंमत प्राण? असा तराजू कोणत्याही पेढीवर चालणार नाही. शिवाय ज्या मुलींना शिक्षा द्यायची, त्यांच्याच देहावर कॅमेरा रेंगाळतो. हा दुटप्पीपणा नातीने दाखवला. मी ओशाळून मान हलवली.

वेस क्रेव्हन यांच्या 1984 च्या 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'विषयी पानभर लिहिता येईल. झोपेला भिणाऱ्या आणि झोपेतच दगावलेल्या आग्नेय आशियाई निर्वासितांच्या बातम्यांवरून त्यांना ही कल्पना सुचली. मुलांना स्वप्नात गाठणारा फ्रेडी हा मुळात वडीलधाऱ्यांनीच जिवंत जाळलेला गुन्हेगार. ती गोष्ट त्यांनी मुलांपासून लपवली आहे. नॅन्सी जीव तोडून सांगते, 'मला झोपवू नका.' वडील पोलीस अधिकारी असूनही ऐकत नाहीत. आई तिच्याच रक्षणासाठी खिडक्यांना गज बसवते आणि संकटाबरोबर लेकीलाच कोंडते. आई वाईट नाही. तिने फक्त विचारले नाही. (पुढच्या भागांत फ्रेडी विनोद करू लागला, त्यांकडे वळू नये.)

क्रेव्हन यांचाच 'स्क्रीम' 1996 मध्ये आला. त्यातली पात्रे हे सर्व चित्रपट पाहिलेली, साच्याचे नियम तोंडपाठ असलेली. चतुराई पुष्कळ आहे आणि उत्तरार्धात ती थोडी फार होते. पण आरंभीची बारा-तेरा मिनिटे विसरता येणार नाहीत. घरात एकटी असलेली मुलगी जखमी होऊन अंगणात पडली आहे, हातात फोन आहे, कंठातून आवाज फुटत नाही. तेवढ्यात आईवडील घरी येतात. आई मदतीसाठी फोन उचलते, तर त्यात लेकीचा श्वास ऐकू येतो. अंतर काही पावलांचे. नातीने माझा हात धरला होता, की मी तिचा, हे आता आठवत नाही.

धाकट्याला आम्ही चित्रपट दाखवला नाही. त्याचे वय नाही. पण परवा जेवताना नातीने त्याला 'हॅलोविन'ची कथा सांगितली. सावकाश, मैत्रिणींच्या नावांसह. तो हसला नाही. कितीजण मेले, हेही त्याने विचारले नाही. बराच वेळ भाताशी खेळत बसला आणि म्हणाला, "आजोबा, त्या शेजाऱ्यांनी दार का नाही उघडलं?"

मी उत्तर जुळवीत होतो. तोच वाढता वाढता आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "गेल्या गणपतीत रात्री बेल वाजली, तेव्हा वर्गणीवाले असतील म्हणून दिवा कोणी घालवला होता, ते आधी सांगा त्याला."