शंभर रुपयांची मूत्रतपासणी आणि लाखांचा विमा



काही महिन्यांपूर्वी मधुमेहाची एक जुनी रुग्णा पायांवरील सूज दाखविण्यास आली. पन्नाशी ओलांडलेली, शिवणकामावर घर चालविणारी बाई. वर्षभरापूर्वी मी तिला मूत्रतपासणी लिहून दिली होती. तेव्हा तिने विचारले होते, "वैद्यबुवा, हे मुलाच्या विम्याच्या कार्डावर होईल का?" होणार नाही म्हटल्यावर ती चिठ्ठी पिशवीतच राहिली. या खेपेस तपासले तेव्हा मूत्रात भरपूर प्रथिने आढळली. दोष तिच्या एकटीचा नव्हता. खर्च किती आणि तो का करावा, हे मीही सांगितले नव्हते.

आमच्या गावी सामान्य मूत्रतपासणीस १०० ते १५० रुपये पडतात. कल्चर किंवा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करावयाचे तर खर्च काही शेकड्यांत जातो. आपल्याकडील बहुतेक आरोग्यविमे २४ तासांच्या रुग्णालयवासावर आधारलेले आहेत. बाह्यरुग्ण विभागाची स्वतंत्र तरतूद नसेल, तर दवाखान्यातून लिहिलेली तपासणी खिशातूनच करावी लागते. २०२४ च्या एप्रिलपासून विमा कंपन्यांना आयुष उपचारांस इतर उपचारांच्या बरोबरीने संरक्षण देणे भाग पडले, हे स्वागतार्हच. पण आपल्या बाह्यरुग्णाच्या चिठ्ठीस त्याचा फारसा उपयोग नाही.

यातील विसंगती पाहावी. वृक्क निकामी झाल्यावर लागणाऱ्या डायलिसिससाठी २४ तासांची अट शिथिल असते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही त्याचा समावेश आहे. मात्र ती वेळ येऊ नये म्हणून करावयाच्या तपासणीचा भार रुग्णावरच राहतो. अष्टविध परीक्षेत नाडीपाठोपाठ मूत्राला स्थान देणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांनी याविषयी मौन बाळगणे उचित नाही. बाह्यरुग्ण तपासण्यांना, निदान मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांच्या वार्षिक मूत्रतपासणीस, मूळ विम्यातच संरक्षण मिळावे, अशी मागणी आपल्या संघटनेने विमा नियामक प्राधिकरणाकडे लेखी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही व्यावसायिक यावर "एक दिवस दाखल करून घेऊ" असा तोडगा सुचवितात. हा मार्ग सर्वथा त्याज्य आहे. केवळ तपासणीसाठी दाखल होणे विम्याच्या प्रमाणित अपवादांत मोडते. दावा फेटाळला जातो आणि वैद्याची सही संशयित ठरते. प्रयोगशाळेकडून मिळणारे 'कमिशन'ही तितकेच गर्ह्य, कारण ते अखेर रुग्णाच्याच बिलातून वसूल होते.

मागणी मान्य होईपर्यंत काही गोष्टी आपल्या हाती आहेत. तपासणी लिहिताना तिचा अंदाजे खर्च तोंडी सांगावा. ज्यांना तोही परवडत नाही, त्यांना शासकीय आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या व उपचार निःशुल्क झाले आहेत. चिठ्ठी व बिल तारखेसह जपून ठेवण्यास सांगावे, कारण पुढे त्याच व्याधीसाठी दाखल व्हावे लागले, तर दाखल होण्यापूर्वीच्या साधारण ३० दिवसांतील तपासण्यांचा खर्च अनेक विम्यांतून परत मिळतो. जुन्या करप्रणालीत राहिलेल्यांना प्रतिबंधक तपासणीच्या ५,००० रुपयांपर्यंतच्या खर्चावर कलम ८०-ड खाली वजावट मिळत आली आहे, हेही सांगावे.

औषधविक्रेत्या बांधवांनी मूत्रपट्ट्यांची डबी दमट हवेत उघडी ठेवू नये आणि मुदत संपलेली डबी विकू नये. साधी पट्टी अल्ब्युमिनची अगदी आरंभीची अल्प मात्रा दाखवीत नाही, ही मर्यादाही ग्राहकास सांगावी.

त्या बाईंचे उपचार वृक्कविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने चालू आहेत. माझ्या टेबलावर आता पट्ट्यांची डबी असते आणि प्रत्येक मधुमेही रुग्णास चिठ्ठी देताना मी खर्चाचा आकडा आधी उच्चारतो. हे मी वर्षभर आधी करावयास हवे होते.