ठोका, पण कुठे?

आमच्या नागपुरात अडलेल्या वस्तूवर एकच रामबाण औषध आहे : हातोडा. नळ अडला, हातोडा. खिडकी अडली, हातोडा. आणि मोटारीच्या पुढच्या चाकाचा बॉल जॉइंट अडला, की हातोड्याचे थोरले बंधू घणराव बोलावले जातात. "ठोकल्याबिगर नाही निघत साहेब, जाम होऊन राहिला ना!" या हातोडा-पंथाविरुद्ध मला जाहीर तक्रार नोंदवायची आहे.

आधी बिचाऱ्या बॉल जॉइंटची बाजू ऐका. आपल्या खांद्यात जसा वाटीत गोळा असतो, तसाच हा सांधा. खालच्या आर्मला तो चाकामागच्या नकलशी जोडतो, म्हणून चाक वळतंही आणि खालीवरही होतं. बऱ्याच गाड्यांत गोळ्याचा दांडा निमुळता असतो आणि नकलच्या तशाच निमुळत्या भोकात पाचरीसारखा ओढून बसवलेला असतो. म्हणून नट काढला तरी तो हलत नाही. त्यात आमचं हवामान! २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. असल्या उन्हाळ्यांत रबरी बूट तडकतो, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल आत शिरतो, ग्रीस धुऊन जातं आणि गंज संसार थाटतो.

हातोडा-पंथीय काय करतो? नट काढून थेट दांड्याच्या टोकावर घाव घालतो. टोक अळंबीसारखं फुलतं, आटे मरतात, दांडा जागच्या जागी. मग गॅसची ज्योत! बूट जळतो, ग्रीस पेटतं. यावर पंथाचा युक्तिवाद असा, की जॉइंट नवाच टाकायचा आहे, मेला तर मेला. ठीक. पण चुकलेला घाव ब्रेकच्या नळीवर बसतो, ती कुठे नवी येणार असते? आणि कधी कधी दुसऱ्याच कामासाठी जॉइंट नुसता सोडवायचा असतो. मग तोच ठेचलेला दांडा, मेलेल्या आट्यांवर तोच नट रेटून, परत बसतो. हा सांधा सुटला तर चाक आडवं पडतं, आणि गाडी त्या वेळी वर्धा रोडवर सहकुटुंब धावत असते.

माझा विरोध हातोड्याला नाही, त्याच्या पत्त्याला आहे. गाडी नुसत्या जॅकवर नको, घोडीवर घ्या. नट ढिला करा, पण चार आटे राहू द्या, म्हणजे आर्म उसळणार नाही. मग घाव दांड्यावर नव्हे, नकलच्या भोकाच्या बाजूवर, पलीकडून दुसरा जड हातोडा टेकवून. भोक क्षणभर हादरतं, पाचरीची पकड सुटते. नाहीच सुटली तर पुलर लावून ताण द्या आणि पुन्हा बाजूलाच ठोका. नकल अॅल्युमिनियमचा असेल तर हातोडा नकोच, फक्त पुलर. आणि काही गाड्यांत दांडा सरळ असतो, खाचेतून जाणाऱ्या आडव्या बोल्टने आवळलेला. तो बोल्ट पुरता बाहेर काढल्याशिवाय ब्रह्मदेवाच्या बापालाही दांडा निघायचा नाही.

बँकेत मी रोज हेच बघतो. अडलेल्या कर्जासाठी लोक मॅनेजरच्या टेबलावर मुठी आपटतात. फाईल अडलेली असते बाजूच्या टेबलावर.

पण मेकॅनिकला एकट्याला का बोल लावा? पंथ पोसतो तो गिऱ्हाईक! पुलर लावून पंधरा मिनिटांत काम केलं, तर "एवढ्याशा कामाचे इतके पैसे?" तासभर घण घातला, की "बिचारा किती राबला हो!" म्हणजे आपण कामाचे नव्हे, आवाजाचे पैसे मोजतो. हजारांच्या बिलात स्प्लिट पिनेच्या रुपयांवर घासाघीस करतो आणि जुनीच पिन सरळ करून घालायला लावतो.

तेव्हा पुढच्या खेपेला गॅरेजात चहा पिण्याआधी तीन प्रश्न विचारा : पुलर आहे का? घोडी लावली का? नट-पिन नवी का? उत्तरादाखल हातोडा दिसला, तर गाडी जमिनीवर असेतो निघा. मारुती ८०० १९८३ साली आली, २०१४ साली तिचं उत्पादन थांबलं. हातोडा-पंथाचं उत्पादन मात्र जोरात चालू आहे.