गाडी चालविणें आणि गाडी उघडणें

सुटीच्या दिवसांत अलिबागजवळील नागांवच्या किनाऱ्यावर जे वाचक गेले असतील, त्यांनीं वाळूंतून घुरघुरत धांवणाऱ्या चार जाड चाकांच्या लहान गाड्या पाहिल्या असतीलच. मोटारसायकलीसारखी बैठक, तसाच दांडा, आंगठ्यानें दाबावयाची खिटी, आणि खालीं फुग्यांसारखीं चार चाकें. वाटेल त्या जमिनीवर चालणारी गाडी अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला एटीव्ही म्हणतात. ह्या गाडीच्या बाबतींत आपल्याकडे एक विलक्षण उलटा न्याय चालतो असें आम्हांस दिसतें. किनाऱ्यावर दहा वर्षांच्या मुलास, डोक्यावर शिरस्त्राण नसतांही, आईबाप हौसेनें त्या गाडीवर बसवितात व त्याचें छायाचित्र घेतात; परंतु तोच मुलगा घरीं पाना हातांत घेऊन सायकलीचें चाक खोलूं लागला, कीं "हात काळे होतील, जा, अभ्यास कर," असें म्हणून त्यास उठवितात. आमचें मत नेमकें याच्या उलट आहे. मुलांनीं मोठी एटीव्ही चालवूं नये; परंतु ती घरीं असेल तर तिचा दोष शोधणें, तिची निगा राखणें, ह्या कामांत त्यांस अवश्य घ्यावें. तिच्यांत फेरफार करण्याची हौस मात्र सर्वांत शेवटीं, आणि तीही पाटीवर आंकडे मांडून.

ही गाडी फार जुनी नव्हे. अमेरिकेंत हिंवाळ्यांत मोटारसायकली खपत नसत. बर्फांत व चिखलांत चालेल असें कांहीं तरी आम्हांस विकावयास द्या, अशी तेथील विक्रेत्यांची मागणी होती. तीमुळें जपानच्या होंडा कंपनीनें १९७० सालीं तीन चाकांची एक गाडी तेथें आणली. तिची सारी करामत चाकांत होती. टायर फुगीर असून त्यांत हवा अगदीं थोडी ठेविली, म्हणजे तो जमिनीवर पसरतो, भार मोठ्या जागेवर वांटला जातो, व चाक वाळूंत रुतत नाहीं. उंटाच्या तळपायाची जी युक्ति, तीच ही. मोटारीच्या टायरांत दर चौरस इंचास तीस पौंडांच्या आसपास दाब असतो. ह्या गाडीस बहुधा तीनपासून सात पौंड पुरतात. पुढें १९८२ सालीं सुझुकी कंपनीनें चार चाकांची गाडी काढली. मधल्या काळांत तीन-चाकी गाड्या वळतांना उलटून पुष्कळ माणसें दगावलीं व त्यांत मुलेंही पुष्कळ होतीं. अखेर १९८८ सालीं अमेरिकेचें सरकार व उत्पादक यांच्यामध्यें न्यायालयामार्फत तडजोड होऊन नव्या तीन-चाकी गाड्यांची विक्री थांबली; आणि नव्वद घनसेंटिमीटरांहून मोठ्या इंजिनाची गाडी सोळा वर्षांखालील मुलांसाठीं नव्हे, असेंही तींत ठरलें. तीन-चाकीवरील बंदी २००८ सालीं तेथील कायद्यांतच घातली गेली.

चौथें चाक आलें म्हणून धोका टळला असें मात्र कोणीं समजूं नये. ह्या जातीच्या पुष्कळ गाड्यांत मागचीं दोन्हीं चाकें एकाच सळसळीत आंसावर पक्कीं बसविलेलीं असतात. वळतांना बाहेरच्या चाकास अधिक अंतर तोडावयाचें असतें, पण दोन्हीं चाकें सारखींच फिरतात. म्हणून एकास घसरावें लागतें, आणि तें घडवून आणण्यासाठीं स्वारास आपलें अंग योग्य बाजूस झुकवावें लागतें. मोठ्या गाडीचें वजन अडीचशे-तीनशे किलो. तीस किलोचें मूल कोणीकडेही झुकलें, तरी त्या गाडीस त्याची खबरही नसते.

आतां उघडण्याविषयीं. रत्नागिरीकडे आमच्या धाकट्या बंधूंची आमराई आहे. उतारावरून खताचीं पोतीं व फवारणीचें पाणी नेण्यासाठीं त्यांनीं एक जुनी एटीव्ही विकत घेतली आहे. एका वर्षीं पावसाळाभर ती पडवींत उभी होती. दसऱ्यानंतर बाहेर काढली तों ती सुरू झाली, पांच-सात मिनिटें चालली व बंद पडली. अर्ध्या तासानें पुन्हां सुरू, पुन्हां बंद. तेव्हां टेंपोंत घालून ती शहरांतील एका दुरुस्तीच्या दुकानांत नेली. तेथें नवा प्लग, नवी कॉइल, नवी बॅटरी अशी भरती झाली, साडेसहा हजारांचें बिल झालें, आणि गाडी घरीं आली ती पहिलीच खोड घेऊन.

आमची पुतणी तेव्हां नववींत होती. तिनें एका जुन्या वहींत गाडी किती वाजतां सुरू झाली व किती वाजतां बंद पडली, हें दोन दिवस लिहून ठेविलें. बंद पडतांना ती कशी पडते, हेंही लिहिलें. व तेंच आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटलें. ठिणगी गेली, तर इंजिन बहुधा दिवा मालवावा तसें एकदम बंद पडतें. पेट्रोल आटलें, तर तें आचके देत देत थांबतें. ही गाडी आचके देत होती. टाकी तर अर्धी भरलेली! तिसऱ्या दिवशीं ती म्हणाली, "काका, बंद पडल्याबरोबर टाकीचें झांकण उघडून पाहूं का?" गाडी अंगणांत मोकळ्यावर होती, जवळ कोणाची विडी नाहीं ना, एवढें पाहून आम्हीं होकार दिला. झांकण फिरवितांच फुस्स असा आवाज होऊन हवा आंत शिरली, व गाडी लागलीच सुरू झाली.

पिपेटचें वरचें तोंड बोटानें दाबून धरलें, तर आंतलें पाणी खालीं पडत नाहीं, हें प्रयोगशाळेंत प्रत्येक विद्यार्थ्यानें पाहिलेलें आहे. टाकींतून जेवढें पेट्रोल उतरतें, तेवढी हवा वरून आंत यावी लागते; त्यासाठीं झांकणास एक बारीक रबरी नळी असते. त्या नळीच्या तोंडांत पावसाळ्यांत कुंभारणीनें मातीचें घर बांधलें होतें! खराट्याची एक काडी, एवढ्याच साहित्यानें दुरुस्ती झाली. पोरीच्या जातीनें तेलांत हात घालावे, हें आमच्या मातोश्रींस प्रथम रुचलें नव्हतें. परंतु दुकानाच्या बिलाचा आंकडा कानीं पडल्यावर काडी मोडून दिली ती त्यांनींच.

ह्यावरून मिस्त्री लोकांस नांवें ठेवावीं असा आमचा हेतु नाहीं. लक्षणें नीट सांगणारें गिऱ्हाईक भेटलें, तर मिस्त्रीचेंही काम हलकें होतें. आम्हींच दुकानांत "गाडी बंद पडते" एवढेंच सांगितलें होतें. किती वेळानें, कशी, पुन्हां केव्हां सुरू होते, हें कोणीं सांगितलें? इंजिनास चार गोष्टी हव्या असतात: पेट्रोल, हवा, ठिणगी, आणि सिलिंडरांतील दाब. ह्यांपैकीं कोणती उणी आहे, हें स्वस्त व सोप्या तपासणीपासून आरंभ करून पाहत जावें. इंजिन बंद करण्याचें बटण चुकून दाबलेलें नाहीं ना, पेट्रोलचा कॉक उघडा आहे ना, येथपासून. प्लग काढून पाहिला तर तोही पुष्कळ बोलतो. टोंक फिकट तपकिरी असेल तर ठीक. काजळीनें काळें असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पांढुरकें असेल तर त्याच्या उलट. आणि एका वेळीं एकच वस्तु बदलावी. तीन वस्तु एकदम बदलल्या व गाडी सुरू झाली, तर खर्च तिहींचा होतो आणि ज्ञान एकीचेंही होत नाहीं.

निगा राखण्याचें काम ह्याहून नीरस आहे, हें आम्ही कबूल करितों. परंतु कोंकणांत तेंच अधिक निकडीचें. समुद्राच्या पाण्यांतून गाडी फिरली, तर त्याच दिवशीं गोड्या पाण्यानें ती धुवावी. मात्र जोराचा फवारा बेअरिंगांवर धरूं नये, नाहीं तर खारट पाणी बाहेर जाण्याऐवजीं ग्रीस ढकलून आंत शिरतें. हवेची जाळी पुष्कळदां स्पंजाची असते. ती साबणाच्या पाण्यांत धुवून, पिळवटून न काढतां नुसती दाबून, पूर्ण वाळवून, तेल लावून बसवावी. तेल न लावलेल्या स्पंजांतून बारीक धूळ खुशाल आंत जाते व सिलिंडर घासते. इंजिनाचें ऑईल दुधाच्या चहासारखें दिसूं लागलें, तर त्यांत पाणी शिरलें असें समजून गाडी सुरूच करूं नये. कार्ब्युरेटरांतील बारीक भोक जुन्या पेट्रोलच्या चिकट्यानें बुजतें. तें तारेनें कोरूं नये, कारण भोक किंचित् जरी मोठें झालें तरी हिशेब बिघडतो. आपल्याकडील पेट्रोलांत इथेनॉलचें प्रमाण २०२५ सालीं वीस टक्क्यांपर्यंत पोंचलें. इथेनॉल ओलावा ओढून घेतें. म्हणून पावसाळ्यासाठीं गाडी उभी करतांना कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावें, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होतो.

पालकांनीं येथें दोन-तीन बाबतींत कडक असावें. बंद खोलींत इंजिन कधींही चालवूं देऊं नये. धुरांतील विषारी वायूस वास नसतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं हात घालूं देऊं नये. खालीं लांकडी ठोकळे हवेत. पेट्रोलनें हात किंवा सुटे भाग धुण्याची संवय आपल्याकडे मोठ्या माणसांसही आहे. ती मुलांस लावूं नये. परंतु एवढें सांभाळल्यावर मग मुलास उठवूं नये. त्यानें एखादा बोल्ट वांकडा आंवळून त्याच्या चऱ्या घालविल्या, तरी थोडें सोसावें. परीक्षेचे गुण जातील, ही जी भीति आहे, तिच्याविषयीं आम्हांस एवढेंच विचारावयाचें आहे, कीं पिपेटचा धडा पाठ असलेल्या घरांतील आम्हां सर्व पदवीधरांस तो टाकीच्या झांकणापाशीं कां आठवला नाहीं?

फेरफारांची गोष्ट निराळी. पुतणीचा थोरला भाऊ, वय वर्षें वीस, त्यास गाडी उंच व रुबाबदार करावयाची होती. त्यानें चोवीस इंच व्यासाच्या चाकांऐवजीं सत्तावीस इंचांचीं आणिलीं, व सांगाडा दोन इंच वर उचलण्याचे तुकडेही बसविले. मोठें चाक अडथळ्यावर सहज चढतें, हें खरें. पण त्याच इंजिनाची जमिनीवरील ओढ २७ स २४ ह्या प्रमाणांत, म्हणजे एकनवमांशानें घटते. ती भरून काढण्यासाठीं खिटी अधिक दाबावी लागते, व चाकांस शक्ति पोंचविणारा रबरी पट्टा तापतो. ब्रेकचीही तीच गति.

उंचीचा हिशेब तर दहावीच्या मुलास यावा. दोन चाकांमधील अंतर ९० सेंटिमीटर, आणि स्वारासह गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची ६० सेंटिमीटर मानूं. आडव्या उतारावर गुरुत्वमध्यापासून सोडलेला ओळंबा खालच्या चाकाबाहेर गेला, कीं गाडी कलंडते. म्हणून ४५ भागिले ६०, हा त्या उताराच्या कोनाचा टॅन्जंट; कोन सुमारें ३७ अंश. आतां चाकांमुळें ४ व तुकड्यांमुळें ५ सेंटिमीटर उंची वाढली; ४५ भागिले ६९; कोन ३३ अंश. चार अंश गेले. आणि हा हिशेब उभ्या, रिकाम्या गाडीचा. खड्डा, वळण, मागें लादलेलीं पोतीं, हीं सर्व वजाबाकीच्याच बाजूस पडतात. आमच्या बांधावर तें प्रत्यक्षच दिसलें. खताचीं चार पोतीं घेऊन गडी आडवा चालला असतां वरच्या बाजूचीं दोन्हीं चाकें उचललीं गेलीं. त्यानें वरच्या बाजूस उडी टाकिली म्हणून बचावला. पोतीं खालच्या ओढ्यांत गेलीं, व गाडी एका कलमाच्या बुंध्यास अडकून राहिली. त्याच्या घरीं दोन लहान मुलें आहेत.

फेरफार करूंच नयेत असें आम्ही म्हणत नाहीं. अमेरिकेंत १९७६ सालीं दक्षिण कॅरोलिना विद्यापीठांत बाहा नांवाची एक स्पर्धा सुरू झाली. २००७ पासून ती भारतांतही, मध्यप्रदेशांतील पीथमपूर येथें भरूं लागली. अभियांत्रिकीचे विद्यार्थी तींत खडकाळ भूमीवर चालणारी गाडी स्वतः बांधून आणतात. तेथें सर्वांस एकाच जातीचें लहान इंजिन दिलेलें असतें व त्याची शक्ति वाढविण्यास मनाई असते. तेव्हां कौशल्य दाखवावयाचें तें सांगाड्याच्या वजनांत, स्प्रिंगांत, दात्यांच्या प्रमाणांत. आणि असें कां केलें, हें परीक्षकांपुढें आंकड्यांनिशीं सांगावें लागतें. आमच्या पुतण्यास चाकें विकणाऱ्यानें एकही आंकडा विचारला नव्हता, आणि त्यानेंही मांडला नव्हता.

गाडीस पुन्हां चोवीस इंचांचीं चाकें बसविलीं आहेत, व फवारणीची टाकी पूर्वींपेक्षां एक वीत खालीं घेतली आहे. ती सूचना पुतण्याचीच. पुतणीनें झांकणाच्या नळीच्या तोंडास चहाच्या जुन्या गाळणीच्या जाळीचा तुकडा बांधून दिला आहे. त्यानंतरचे दोन पावसाळे कुंभारणीनें आपलें घर पडवीच्या वाशावर केलें. सत्तावीस इंचांचे चारी टायर गोठ्यांत पडून आहेत. त्यांतील एकांत कोंबड्या अंडीं घालतात, आणि वहिनी म्हणतात कीं घरांत त्याच्याइतकी उबदार जागा दुसरी नाहीं.