पिठाचा कोंबडा आणि मातीचा बैल

श्रावण अमावास्येला तेलगावच्या परिसरात पोळा साजरा होतो. ज्यांच्या दारी बैल नाहीत, ती घरे मातीची बैलजोडी पुजतात. व्यापारी कुटुंबांत ती बहुधा बाजारातून येते. ही अमावास्या श्वेतांबर पर्युषणाच्या आठ दिवसांतच येते. या निमित्ताने घरातील मुलांनी आपल्या लाडक्या प्राण्याची, मग तो बैल असो, गाय असो वा दारचे कुत्रे, प्रतिकृती स्वतः घडवून पाहावी.

या भागातील काळी माती भिजली की फुगते आणि वाळताना तडकते. म्हणून नवशिक्याने कुंभाराकडील मळलेली माती किंवा शाडू घ्यावी. आपल्या शास्त्रांत मातीतही पृथ्वीकायिक जीव मानले आहेत. तेव्हा नवी माती न खणता आधी खणलेलीच, तीही लागेल तेवढीच घेणे योग्य. पाय आखूड व जाड ठेवावेत. जोडाच्या दोन्ही बाजूंवर रेघा ओढून पातळ चिखल लावावा आणि आकृती सावलीत सावकाश वाळू द्यावी.

या कामात हातांपेक्षा डोळ्यांची कसोटी अधिक लागते. शिंगांचा बाक, वशिंडाचा उतार, जुवाने मानेवर पडलेला घट्टा हे सारे मातीत उतरवू लागले की, रोज दिसणारा प्राणी आपण किती ओझरता पाहिला होता, ते उमगते.

यशोधर राजाची कथा जैन साहित्यात प्रसिद्ध आहे. सोमदेवसूरींनी इ. स. 959 मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ ग्रंथाचा तोच विषय आहे. आईच्या आग्रहाखातर राजाने जिवंत प्राण्याऐवजी पिठाच्या कोंबड्याचा बळी दिला. रक्ताचा थेंबही सांडला नाही. परंतु संकल्प वधाचा होता. त्यामुळे मायलेकांना मोर, कुत्रा अशा तिर्यंच योनींत अनेक जन्म घ्यावे लागले. आकृती पिठाची असली, तरी भाव खराच धरला गेला.

मग मायेने मातीला आकार देताना मनात उपजलेला भावही खराच धरला पाहिजे. त्याची परीक्षा मात्र जिवंत प्राण्यापाशीच होते. औतातून सुटलेल्या थकल्या बैलाला बाजाराची वाट न दाखवता त्याच्या वैरणीची तरतूद करणे, ते शक्य नसल्यास पांजरपोळाला हातभार लावणे, एवढे प्रत्येक घराला जमण्याजोगे आहे. संवत्सरीला सर्व जीवांची क्षमा मागताना त्या मुलांच्या डोळ्यांसमोर निदान एका जीवाचा चेहरा स्पष्ट उभा राहील.